सहा वाकडे आकडे

ताई: आणि आज हा गप्प कसा? मी बाहेर पडले तेव्हा तर धो धो चालला होता.

चिंगी: कोण?

ताई: कोण म्हणजे? तुझा बडबड्या, तो संगणकातला वाचून दाखवणारा. दोन्ही हातांत पिशव्या, कुलूप उघडताना एक पाय दारात, आणि घरात चिडीचूप. मला वाटलं, तू बाहेर गेलीस की काय. एरवी मेला जिन्यात ऐकू येतो.

चिंगी: इयरफोन लावलेत. पिशव्या ठेव आधी आणि बस इथे.

ताई: बसते. पंखा लाव जरा. नको, मीच लावते. तू नको उठूस. उठलीस तर तो रुसायचा.

चिंगी: ताई, माझं तुझ्याकडे एक काम आहे.

ताई: माझ्याकडे? थांब, पाणी पिऊन घेते. हे वाक्य ऐकून सात महिने झाले. पेपर तो वाचतो, बँकेची पत्रं तो वाचतो, औषधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा मोबाईल पुढे धरून विचारतेस. चाळीस वर्षं घसा कोरडा केला मी, आणि हा कानामागून आला आणि तिखट झाला.

चिंगी: झालं?

ताई: झालं. बोल.

चिंगी: एक अर्ज भरतेय. नाव, जन्मतारीख, शिक्षण, सगळं लिहिलं, कागद जोडले. अकरा मिनिटांत झालं. शेवटी एक चित्र आलंय, तिथे अडलेय. तूच ऐक, इयरफोन काढते.

बडबड्या: चित्र. नाव नाही. लिहिण्याची चौकट. चित्रातले आकडे लिहा. बटण. नाव नाही. बटण. पाठवा.

ताई: नाव नाही, नाव नाही. अनाथाश्रमात गेल्यासारखं वाटतंय.

चिंगी: नाव नाही म्हणजे त्याला काही कळत नाही. चित्राच्या मागे कुणी चार शब्द लिहून ठेवले असतील, आत काय आहे ते, तर तो वाचतो. इथे तर आकडे मुद्दाम वाकडेतिकडे काढलेत. यंत्राला वाचता येऊ नयेत म्हणून. समोर माणूसच आहे ना, याची खात्री करून घेतात.

ताई: म्हणजे याला ते वाचता येत नाही.

चिंगी: नाही.

ताई: परत म्हण.

चिंगी: नाही येत त्याला वाचता, ताई.

ताई: चहा ठेवू का गं?

चिंगी: आधी आकडे.

ताई: वाचते की. चष्मा तर काढू दे. आणि ते दुसरं बटण कसलं, बिननावाचं?

चिंगी: ते ऐकण्यासाठी असणार. दिसत नाही त्यांना आकडे बोलून दाखवतात. हे दाबलं की नुसती खरखर येते. आणि हा अर्ज कुणाचा आहे, माहितीये? सुलभता विभागाचा. आंधळ्या-बहिऱ्यांना, ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना, संगणक धड वापरता यावा म्हणून जो विभाग काढलाय ना, त्याचा.

ताई: दिव्याखाली अंधार.

चिंगी: फोन केला मी. तिथल्या बाई म्हणाल्या, अर्ज संगणकावरच भरायचा, आज पाचच्या आत. म्हटलं, चित्र वाचता येत नाही मला. तर म्हणाल्या, घरात कुणी आहे ना?

ताई: आहे म्हणावं. घरात कुणी आहे. आणि अर्ज कशाचा?

चिंगी: आधी वाच. मग सांगते.

ताई: आधी वाचून घ्यायचं आणि मग सांगायचं. बरं. तसं तर तसं. लिही. सात, दोन, नऊ, एक, चार, तीन.

चिंगी: सात, दोन, नऊ, एक, चार, तीन. पाठवा.

बडबड्या: चूक. पुन्हा प्रयत्न करा. दोन प्रयत्न शिल्लक.

चिंगी: आता आकडे बदलले असतील.

ताई: बदललेत. सहा, सहा, शून्य, पाच, आठ, दोन.

चिंगी: पाठवा.

बडबड्या: चूक. पुन्हा प्रयत्न करा. एक प्रयत्न शिल्लक. प्रयत्न संपल्यास अर्ज चोवीस तास बंद राहील.

ताई: यंत्रच बिघडलंय मेलं. सोड आता. उद्या बघू सावकाश.

चिंगी: उद्या मुदत गेलेली असेल.

ताई: मग नसेल नशिबात. नाहीतरी तुला जमलं नसतंच ते. परक्या ठिकाणी दोघींत एक खोली, सकाळी न्हाणीघराला पाळी, कुणाचा टॉवेल कुठे न् तुझा कुठे. काय झालं? अशी बघतेस काय माझ्याकडे?

चिंगी: मी कुठे बघते?

ताई: तोंड वळवलंस माझ्याकडे.

चिंगी: दोघींत एक खोली. हे कुणी सांगितलं तुला?

ताई: तूच म्हणालीस मघाशी.

चिंगी: अर्ज कशाचा, हेसुद्धा मी सांगितलेलं नाही.

ताई: मग परवा म्हणाली असशील. मला काय तारीखवार लक्षात राहतं?

चिंगी: ते पत्र काल संध्याकाळी आलं. मी एकदाच ऐकलं. तू तिथे खिडकीशी भाजी निवडत होतीस. आणि माझा वेग तुला माहितीये. तो वाचतो तेव्हा डोळस माणसाला एक अक्षर कळत नाही. परवा तो दुरुस्तीवाला आला होता, त्याला वाटलं यंत्र अडकलंय.

ताई: तेच तर. मला तरी कसं कळणार?

चिंगी: थांब.

(ती यंत्राचा वेग पुरता वाढवते. शब्दाला शब्द चिकटत जातात.)

बडबड्या: आपलीराहण्याचीव्यवस्थादोघींतएकखोलीअशीकेलेलीअसूनइमारतीतीललिफ्टबोलकीआहे.

चिंगी: काय म्हणाला?

ताई: मला काय ठाऊक. फुर्रर्र झालं नुसतं.

चिंगी: ताई.

ताई: लिफ्ट बोलकी आहे म्हणाला. लिफ्ट बोलते त्याचं काय कौतुक? आपल्या जिन्यात मी बोलते.

चिंगी: कधीपासून?

ताई: काय कधीपासून?

चिंगी: कधीपासून कळतंय तुला?

ताई: झाले असतील दोन-अडीच महिने. सुरुवातीला कसलं काय, तेलात मोहरी पडल्यावर जसं तडतडतं ना, तसं. मी आपली मटार सोलत बसायची. मटार संपले की फरशी पुसायची, तीही याच खोलीतली. मग एक दिवस "आपली" एवढं ऐकू आलं. पुढच्या आठवड्यात "कळावे". पत्राचा शेवट आधी कळायला लागला मला. मग हळूहळू मागे मागे येत गेले. तुला खरं सांगू, ज्या दिवशी अख्खं वाक्य कळलं ना, त्या दिवशी दूध उतू गेलं तरी मी उठले नाही.

चिंगी: मी हे यंत्र शिकले त्या वर्गात हा वेग यायला मुलांना वर्ष लागतं. आणि ती मुलं जन्मभर कानांवर जगलेली.

ताई: असेल.

चिंगी: कुणी शिकवलं नाही, पुस्तक नाही. मटार सोलता सोलता!

ताई: कौतुक करू नकोस. चोरून ऐकत होते मी.

चिंगी: का पण? मला विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का?

ताई: काय विचारायचं? "चिंगे, त्यानं तुला काय सांगितलं गं?" असं? आजवर या घरात तुला आलेला कागद पहिल्यांदा माझ्या डोळ्यांनी वाचला आणि मग तुझ्या कानांनी. तुझा निकाल मला आधी कळायचा. तुझ्या ऑफिसात कुणाची बढती, कुणाची बदली, सगळं मला आधी. तू दारात उभी राहून पाकीट माझ्या हातात द्यायचीस. आता पाकीटच येत नाही. तू बसतेस तिथे, पाठ माझ्याकडे, तो तुझ्या कानात कुजबुजतो, आणि तू हसतेस.

चिंगी: हसते?

ताई: हसतेस. मोठ्यांदा. मी इतकी वर्षं वाचलं तुला, अगदी विनोदी पुस्तकंसुद्धा, आवाज बदलून बदलून. माझ्या वाचण्याला कधी हसलीस? "पुढे वाच" म्हणायचीस फक्त.

चिंगी: पुढे काय होतं ते ऐकायचं असायचं.

ताई: आणि याचं ऐकून हसतेस. म्हटलं, बघू तरी काय असं सांगतो. तर कळलं, तो काही सांगतच नाही. तिथला कोण तो, मंगळवारी मंगळवारी लिहितो तो.

चिंगी: तो बहिरा आहे, ताई. माझी निवड झालीय तिथे, नोकरीत तो माझ्याबरोबर असणार आहे. मी बोलले की त्याला समोर अक्षरं दिसतात, तो लिहितो ते मला ऐकू येतं. पहिल्यांदा बोललो तेव्हा दोघं मिळून पंधरा मिनिटं नुसते एकमेकांच्या चुका काढत होतो. यंत्रानं माझ्या बोलण्यात काहीतरी भलतंच लिहिलेलं असायचं.

ताई: माहितीये. ऐकलंय ते.

चिंगी: तेही?

ताई: हो. आणि ती दुसरी, जिची नुसती मान हलते, हनुवटीनं संगणक चालवते. तिनं तुला लिहिलं, "तुम्ही कधी येताय, वाट बघतोय." तर तू दोनदा लावून ऐकलंस. दोनदा! माझ्याकडून तू आईचं शेवटचं पत्र एकदाच वाचून घेतलं होतंस.

चिंगी: ते तू रडत वाचलंस म्हणून. दुसऱ्यांदा कसं सांगणार होते?

ताई: जळते मी. घे. बाहेर पडलं तोंडातून. सत्तेचाळीस वर्षांच्या बहिणीवर आणि एका डब्यावर जळते. बाजारात गेले ना आज, तर वजनकाट्यावाल्यानं नवीन काटा आणलाय, तोही बोलतो. "पाचशे ग्रॅम." मी त्याला म्हटलं, बंद कर, डोकं उठतं माझं. गरज सरो आणि वैद्य मरो.

चिंगी: म्हणून दोन्ही वेळा चुकीचं वाचलंस.

ताई: काय?

चिंगी: आकडे.

ताई: मी चुकीचं वाचलं? मी? डोळे दुखेपर्यंत बारीक अक्षरं वाचली तुझ्यासाठी, आणि मी...

चिंगी: फार छान वाचलंस दोन्ही वेळा.

ताई: मग?

चिंगी: खरं वाचताना तू छान वाचत नाहीस. खरं वाचताना तू भांडतेस. "हा टायपिस्ट आंधळा होता का", "शाई संपली होती का मेल्याची", "हा काना आहे की डास बसलाय". दोनदा अडखळतेस, एकदा मागे जातेस. आणि खोटं वाचायचं असलं की कशी घडाघडा, रेडिओवरच्या बातम्यांसारखी. आत्ता दोन्ही वेळा सहा आकडे एका दमात आले. वाकडे आकडे, ताई, आणि तू एकालाही शिवी दिली नाहीस.

ताई: कधीपासून ठाऊक आहे तुला हे?

चिंगी: लहानपणापासून. गोष्टीतला कुत्रा मरायचा तेव्हा तू त्याला जगवायचीस. एवढी घडाघडा, की मला लगेच कळायचं, मेला म्हणून.

ताई: मी तुला वाईट वाटू नये म्हणून...

चिंगी: माहितीये. आणि तेविसाव्या वर्षी एक पत्र आलं होतं. टेलिफोनवर बसायचं शिक्षण देणारी संस्था. दोन दिवसांच्या वाटेवर, वसतिगृहात राहायचं. तू वाचलंस, "कळवण्यास खेद होतो की यंदाच्या सर्व जागा भरलेल्या असून आपला विचार करता येत नाही." एका दमात. कुठेही अडखळली नाहीस.

ताई: चिंगे...

चिंगी: गेल्या महिन्यात तू दवाखान्यात गेली होतीस, तेव्हा पेटी काढली. सगळे जुने कागद एकेक करून मोबाईलपुढे धरले. त्यानं ते वाचलं. "आपली निवड झाली आहे."

ताई: फाडून टाकायला हवं होतं मी ते.

चिंगी: का नाही फाडलंस?

ताई: तुझं पत्र होतं. तुझी पत्रं नाही फाडली मी कधी.

चिंगी: हं.

ताई: म्हणजे महिनाभर तू हे पोटात ठेवून माझ्या हातचं जेवतेस?

चिंगी: महिनाभर नाही. चोवीस वर्षं. सांगितलं ना, तेव्हाच कळलं होतं. मोबाईलनं फक्त खात्री झाली.

ताई: मग तेव्हा का नाही बोललीस? आईला सांगायचंस. माझी चामडी सोलली असती तिनं.

चिंगी: कारण मला भीती वाटत होती जायची. रात्री उठून पाण्याचा तांब्या कुठे आहे, तेवढंच सापडत होतं मला, आणि तेही या घरातलं. तू खोटं वाचलंस आणि मी सुटले. "गेले असते पण जागाच नव्हती." सगळ्यांना तेच सांगत फिरले. तुझ्या खोट्यावर आरामात बसले मी, ताई. तेव्हा तू माझं काही चोरलंस असं मनात धरू नकोस. अर्धं माझंच होतं.

ताई: आणि आता नाही वाटत भीती?

चिंगी: वाटते. पण आता तेवढीच नाही वाटत.

ताई: किती सहज बोलतेस. शिकलेली आहेस ना.

चिंगी: आता यात शिक्षण कुठून आलं?

ताई: कुठून आलं? माझ्या हातातून आलं. तुझी दहावी कुणी लिहिली? बारावी? बी.ए.ची तीन वर्षं? पेपर तू बोललीस, लिहिला मी. अक्षर माझं, शाई माझी, बोटाला घट्टा माझ्या, हा बघ, हात दे, अजून आहे. आणि निकालावर नाव तुझं. तुझ्या त्या बी.ए.च्या पेढ्यांना मी हात नव्हता लावला. आठवतं?

चिंगी: दात दुखत होता तुझा.

ताई: पोट दुखत होतं माझं.

चिंगी: पण तू स्वतःच सोडलीस ना शाळा. कंटाळा आला म्हणून. नववीनंतर. आई किती मागे लागली होती.

ताई: लेखनिकाचा नियम काय होता?

चिंगी: कुठला?

ताई: आंधळ्या मुलीचा पेपर लिहिणारी कशी हवी? सांग ना, बी.ए. आहेस.

चिंगी: तिच्यापेक्षा खालच्या इयत्तेतली. दहावीचा पेपर असेल तर फार तर नववी झालेली. नाहीतर तीच उत्तरं सांगेल म्हणून...

ताई: आणि मी तुझ्या किती पुढे होते?

चिंगी: एक वर्ष.

ताई: मग कर हिशोब. मी दहावी पास झाले असते, तर पुढच्या वर्षी तुझी दहावी कोण लिहिणार होतं? ती कोपऱ्यावरची, जिला जोडाक्षर येत नव्हतं? तिनं तुला सहामाहीत नापास करून ठेवलं होतं. तुला सगळं येत असून. तू उशीत तोंड घालून रडलीस तीन दिवस. मी परीक्षेचा अर्जच भरला नाही. बाईंनी विचारलं तर म्हटलं, हरवला. आईला म्हटलं, कंटाळा आला.

चिंगी: ताई.

ताई: आणि मग काय, एकदा नववीत बसले ती बसलेच. तू वर वर चढत गेलीस, तुला दरवर्षी लेखनिक हवीच होती.

चिंगी: तू मला कंटाळा आला म्हणालीस. मी तुला चिडवलं होतं, आळशी म्हणून.

ताई: पुष्कळदा.

चिंगी: मला कसं नाही कळलं? तुझं खोटं मला कळतं.

ताई: वाचलेलं कळतं. हे मी वाचून नव्हतं दाखवलं. तोंडानं सांगितलं होतं. आता तू रडू नकोस. मला ते चालायचं नाही आज. चार वाजून गेलेत.

चिंगी: कशाला केलंस असं?

ताई: कशाला म्हणजे? चौदा-पंधरा वर्षांची होते. तेव्हा कोण विचार करतं? तू रडत होतीस, मला अक्षर चांगलं होतं. विचार नंतर सुचला. दर परीक्षेच्या हॉलमध्ये, तू उत्तर आठवत गप्प बसायचीस ना, तेव्हा मला उत्तर माहीत असायचं. पेन हातात, आणि लिहायचं नाही. तू बोलशील तेवढंच. एकदा तू चुकीचं साल सांगितलंस. मी तेच लिहिलं.

चिंगी: इतिहास. दुसरा पेपर.

ताई: दोन गुण गेले तुझे. मला बरं वाटलं होतं. बघ, असली आहे मी.

चिंगी: मला वाटायचं, आपण दोघी एकच आहोत.

ताई: तुला वाटायचं. मला दिसायचं.

चिंगी: ताई, एक सांगू? मोबाईलवर एक सोय आहे. बटण दाबलं की कुठलातरी अनोळखी डोळस माणूस समोर येतो, फुकट. आपण कॅमेरा धरायचा, तो सांगतो काय लिहिलंय ते. जगात कुठेही बसलेला. अर्ध्या मिनिटात सहा आकडे सांगून मोकळा झाला असता.

ताई: परका माणूस? आपल्या घरात डोकावून?

चिंगी: हो. सकाळी दहाला चित्र अडलं. तेव्हापासून ते बटण माझ्या हाताशी आहे. शेजारच्या काकूही घरात होत्या. पिठाचं भांडं परत करायला आल्या होत्या, मी गप्प बसले.

ताई: मग वेळ कशाला घालवलास? मी एक वाजता बाजारातून निघाले, मग बँकेत गेले, आता कुठे घरात पाय ठेवतेय. बस चुकली असती तर?

चिंगी: तर पाच वाजले असते.

ताई: वेडी आहेस का?

चिंगी: गेल्या वेळी तू मला न सांगता थांबवलंस आणि मी तुला न सांगता थांबले. या वेळी तू खरं वाचलंस तरच जायचं. नाहीतर नाही. शेवटचा प्रयत्न आहे. तुला वाटलं तर घडाघडा वाच. मी लिहीन. तू सांगशील तेच लिहीन, एकही आकडा बदलणार नाही. आजवर तू माझं लिहिलंस तसं.

ताई: हे बरं आहे. म्हणजे पाप माझ्या माथी.

चिंगी: तुझ्या माथी नाही. तुझ्या हातात.

ताई: आणि तू गेल्यावर मी काय करायचं? या खोलीत मटार सोलत बसायचं, गप्प? तो डबाही घेऊन जाणार असशील.

चिंगी: तो तर न्यावा लागेल.

ताई: म्हणजे भांडायलाही कुणी नाही.

चिंगी: दहावीचा अर्ज भर. बाहेरून बसता येतं.

ताई: अठ्ठेचाळिसाव्या वर्षी? गुडघे धड वाकत नाहीत माझे त्या बाकांवर.

चिंगी: मी लेखनिक म्हणून नाही येऊ शकणार मात्र. मी बी.ए. आहे. नियमात बसत नाही.

ताई: गप बस. विनोद सुचतायत. सरक तिकडे. अजून. खुर्ची माझ्याकडे दे, उन्हाची तिरीप येते त्या काचेवर. चष्मा कुठे ठेवला मी?

चिंगी: मला विचारतेस?

ताई: डोक्यावर आहे. हं. अगं आई गं. हे काय काढलंय? याला लहानपणी कुणी पाटी दिली नव्हती का? पहिला पाच. थांब, लिहू नकोस. टोपी तिरकी आहे त्याची. हो, पाचच. लिही. मग मधूनच एक आडवी रेघ मारून ठेवलीय मेल्यानं, माणसानं वाचायचं की खोडायचं? एक. की सात? वर नाक आहे का त्याला... नाही, नाक नाही. एक लिही. हसतेस काय?

चिंगी: काही नाही. पुढे वाच.

ताई: मग शून्य. हे शून्य आहे म्हणे, लोळत पडलेल्या बटाट्यासारखं. मग नऊ, तो उलटा होता होता राहिलाय. मग परत पाच, हा बरा आहे बिचारा. किती झाले?

चिंगी: पाच. पाच, एक, शून्य, नऊ, पाच.

ताई: शेवटचा तीन.

चिंगी: तीन.

ताई: नाही. नाही नाही, खोड. आठ आहे. डावीकडे पुसट रेघ आहे, आत्ता दिसली. पोट उघडं टाकलंय त्याचं. आठ.

चिंगी: नक्की?

ताई: एकेचाळीस वर्षं वाचतेय मी तुला, आणि मलाच विचारतेस नक्की का? आठ.

चिंगी: दाबू?

ताई: तुझा हात आहे, तू दाब. मला कशाला विचारतेस?

चिंगी: विचारते आपली.

ताई: दाब.

बडबड्या: आपलास्वीकारनोंदवलागेलाआहेकृपयाएकतारखेलासकाळीनऊवाजताहजरराहावे.

चिंगी: थांब, वेग कमी करते. तुझ्यासाठी परत लावते.

ताई: नको. कळलं मला.